‘खर्च परवडत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही : जुन्या मालिकांच्या हक्कधारकांना खुले पत्र

प्रति,
जुन्या दूरचित्रवाणी मालिकांचे हक्क बाळगणारे स्टुडिओ, त्यांचे वितरक, तसेच गाण्यांचे आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या यांचे संचालक

विषय : जुन्या मालिका डीव्हीडी आणि ब्लू-रेवर अर्धवट सोडणे, न सांगता बदलणे किंवा मुळीच प्रकाशित न करणे

सन्माननीय संचालकहो,

ज्या मालिकेमुळे हे पत्र लिहावे लागत आहे तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एका मालिकेपुरती किंवा एका कंपनीपुरती नाही. त्या मालिकेची पहिली दोन पर्वे डीव्हीडीवर आली, ती मी बाजारात आली त्याच आठवड्यात विकत घेतली आणि पुढे तिसऱ्या पर्वाची नऊ वर्षे वाट पाहिली. या काळात मी वितरकाला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्या पत्राला यंदा दोन ओळींचे उत्तर आले. उरलेल्या पर्वांचा खर्च परवडण्याजोगा नसल्यामुळे मालिकेचे प्रकाशन थांबवण्यात आले आहे, एवढेच त्यात म्हटले होते. खर्च कशाचा, तो कोणामुळे वाढला, तो कमी करण्याचा प्रयत्न झाला की नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात नाही. हा निर्णय निमूटपणे मान्य करणे मला शक्य नाही, आणि माझ्यासारखेच उत्तर मिळालेले प्रेक्षक अनेक आहेत, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

ही मालिका मी आणि माझी थोरली बहीण दर आठवड्याला एकत्र पाहत असू. ताई प्रत्येक भाग व्हीएचएस कॅसेटवर उतरवून ठेवायची. जाहिरात सुरू झाली की ती मुद्रण थांबवायची आणि जाहिरात संपायच्या आत पुन्हा सुरू करायची. एका भागाचा शेवटचा प्रसंग तिच्या हातून अर्धा सुटला, त्याची चुटपुट तिला कितीतरी दिवस होती. ताई आता नाही. तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या १९ कॅसेटी माझ्याकडे आहेत. त्यांतल्या सहा कॅसेटींवर बुरशी आली आहे आणि बाकीच्या लावल्या की चित्र वरच्या कडेला वाकडे होते. मालिका डीव्हीडीवर येणार हे कळले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. दुसऱ्या पर्वात भाऊ आणि बहीण गाडीत बसलेले असतात, रेडिओवर गाणे लागते आणि ते संपेपर्यंत दोघेही एक शब्द बोलत नाहीत, असा एक प्रसंग आहे. डीव्हीडीवर मी सर्वांत आधी तोच प्रसंग लावला, तर त्यात ते गाणेच नव्हते. त्याच्या जागी की-बोर्डवर वाजवलेली एक अनोळखी धून होती, आणि ती दोघे आता कशासाठी गप्प बसली आहेत हे पाहणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग उरला नव्हता. माझी आठवण तर चुकत नाही ना, म्हणून मी ताईची कॅसेट लावून पाहिली. वाकड्या चित्रात, खरखरीत आवाजात, पण गाणे होते. संचाच्या मागच्या बाजूला, सगळ्यांत तळाशी, काही संगीत बदललेले असू शकते असे एक वाक्य छापले होते, आणि ते वाचायला मला भिंग घ्यावे लागले.

खर्च खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. उलट, गेली काही वर्षे मी या खर्चाविषयी मिळेल ते वाचत आले आहे, आणि जुनी मालिका प्रकाशित करणे म्हणजे कपाटातली टेप काढून तिच्या प्रती छापणे नव्हे, एवढे मला कळले आहे. १९५१ साली सुरू झालेली ‘आय लव्ह लुसी’ ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, म्हणून ती आजही स्वच्छ दिसते. पण पुढच्या काळातल्या असंख्य मालिका व्हिडिओ टेपवर झाल्या. त्या टेप वाचणारी यंत्रे आता कोणी बनवत नाही, सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढून वापरावे लागतात. काही टेपांवरचा लेप चिकट होतो, आणि तशी टेप मंद उष्णतेत कित्येक तास ठेवून मगच एकदा चालवता येते.

फिल्मवर चित्रित होऊन टेपवर संकलित झालेल्या मालिकांची अडचण तर आणखी निराळी आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चे (१९८७ ते १९९४) उदाहरण आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिचे चित्रण फिल्मवर झाले होते, परंतु संकलन आणि दृश्यपरिणाम टेपवर झाले होते. त्यामुळे ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून, नव्याने स्कॅन करून, एकेक भाग पहिल्या कापापासून पुन्हा जुळवावा लागला आणि अवकाशयानांची दृश्ये थरावर थर रचत पुन्हा तयार करावी लागली. सात पर्वांचे हे काम २०१२ ते २०१४ या काळात बाजारात आले, आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी मला आदर आहे. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, त्यामुळे त्याच घराण्यातल्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या मालिकांना तो लाभ आजवर मिळालेला नाही, हेही मी समजू शकते. एवढा खर्च प्रत्येक मालिकेवर करा अशी माझी मागणीच नाही.

परंतु माझ्या मालिकेचे तिसरे पर्व यांतल्या कोणत्याच कारणाने अडलेले नाही. पहिल्या दोन पर्वांच्या टेप ज्या कपाटात होत्या त्याच कपाटात तिसऱ्याच्याही आहेत, आणि ते पर्व आजही अधूनमधून प्रसारित होते. अडले आहे ते गाण्यांपाशी. बहुतेक जुन्या मालिका तिथेच अडतात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

मालिकेत एखादे तयार गाणे वाजवायचे तर दोन वेगळे परवाने लागतात. शब्द आणि चाल यांचा परवाना संगीत प्रकाशकाकडून घ्यावा लागतो आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा परवाना ते काढणाऱ्या कंपनीकडून. गाणे तिघांनी मिळून लिहिले असेल आणि तिघांचे प्रकाशक वेगळे असतील, तर दारेही तितकी वाढतात. त्यात अनेक करारांमध्ये अशी अट असते की एका हक्कधारकाला जो दर मिळेल तोच इतरांनाही मिळाला पाहिजे. म्हणजे नऊ जण माफक दराला तयार असले तरी दहाव्याने मोठी रक्कम मागितली की दहाही जणांचा दर तिथे जाऊन पोहोचतो. हे सगळे परवाने मालिका तयार होतानाच घेतलेले असतात, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत ते प्रसारण आणि पुनःप्रसारण यांच्यापुरते आणि ठरावीक वर्षांपुरते घेतले गेले. प्रेक्षक एक दिवस संपूर्ण मालिका विकत घेऊन घरात ठेवतील, ही शक्यता त्या करारांमध्ये जवळजवळ कुठेच धरलेली नव्हती. पुढे शहाणपण आले आणि आज अस्तित्वात असलेली व यापुढे निघणारी सर्व माध्यमे असे कलम करारांत घालण्यात येऊ लागले. पण तोवर झालेल्या मालिका मागेच राहिल्या.

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ (१९७८ ते १९८२) या मालिकेचे काय झाले ते पाहा. ती एका रेडिओ केंद्राची गोष्ट होती, त्यामुळे तिच्यात त्या काळची गाणी सतत वाजत. टेपवर मुद्रित होणाऱ्या कार्यक्रमांना गाण्यांचे परवाने स्वस्त पडत, म्हणून ती मालिका मुद्दाम टेपवर केली गेली. परवान्यांची मुदत संपल्यावर पुनःप्रसारणात गाण्यांच्या जागी अनामिक संगीत आले. २००७ साली पहिले पर्व डीव्हीडीवर आले तेव्हाही बरीचशी गाणी गेलेलीच होती. संवाद आणि गाणे जिथे एकाच ध्वनिपट्टीवर मिसळलेले होते, तिथे गाणे काढताना संवादही गेला आणि काही ठिकाणी दुसऱ्यांच्या आवाजात तो पुन्हा भरावा लागला. एका भागात केंद्राचा व्यवस्थापक सुरू असलेल्या गाण्यात कुत्री भुंकत आहेत का असे विचारतो. पिंक फ्लॉइडचे ते गाणे काढल्यावर त्या प्रश्नाला अर्थ राहत नाही, म्हणून प्रश्नही कापला गेला. खर्च वाचवण्यासाठी काढलेले गाणे असे लेखकाचे वाक्य, नटाचा आवाज आणि प्रसंगातला विनोद सोबत घेऊन जाते.

‘क्वांटम लीप’ ही काळप्रवासाची मालिका. तिच्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात, भूतकाळात केवळ प्रतिमेच्या रूपाने आलेले अॅल हे पात्र आपल्या पहिल्या पत्नीसमोर उभे असते. तो तिला दिसत नाही, त्याचा आवाज तिला ऐकू येत नाही, तिच्या लेखी तो युद्धात बेपत्ता असतो. खोलीत रे चार्ल्सच्या आवाजात ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ वाजत असते आणि तो तिच्याबरोबर, तिला कळू न देता, नाचतो. डीव्हीडीवर हे गाणे बदलले गेले. मी ती डीव्हीडी पाहिली आहे आणि मूळ प्रसंगही पाहिला आहे. नट तेच, चित्रीकरण तेच, आणि तरी डीव्हीडीवरचा प्रसंग मनाला भिडत नाही. ज्याने हा बदल मंजूर केला त्याने दोन्ही रूपे एकापाठोपाठ पाहिली असती, तर त्याची सही झाली नसती असे मला मनापासून वाटते.

गाणी बदलणे ही माझी पहिली तक्रार आहे. ते न सांगता बदलणे ही दुसरी, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. ‘डॅरिया’ ही मालिका २०१० साली डीव्हीडीवर आली तेव्हा तिचे निर्माते ग्लेन आइक्लर यांनी सोबतच्या मजकुरात स्वच्छ लिहिले की ९९ टक्के संगीत बदलले आहे, कारण मूळ संगीताच्या परवान्यांचा खर्च धरला असता तर हा संच निघणेच अशक्य होते. मला ते वाचून वाईट वाटले, पण फसवणूक झाली असे वाटले नाही. काय विकत घेत आहोत हे मला माहीत होते. याउलट, ‘मॅरीड... विथ चिल्ड्रन’चे तिसरे पर्व आले तेव्हा सिनात्राच्या आवाजातले शीर्षकगीतच गायब झालेले होते. पहिली दोन पर्वे घेतलेल्या माणसाला ते कळते तिसरे पर्व घरी आणून लावल्यावर. संगीताप्रमाणेच प्रसंगही कापले जातात. पुनःप्रसारणात जाहिरातींना जास्त जागा मिळावी म्हणून प्रत्येक भागातून काही मिनिटे काढलेली असतात, आणि मूळ प्रती शोधण्याचा खर्च टाळायचा असला की त्याच कापलेल्या प्रती संचात घातल्या जातात. २००५ साली ‘रोझॅन’चे पहिले पर्व असेच आले होते, प्रेक्षकांनी आवाज उठवल्यावर पुढच्या पर्वांत पूर्ण भाग मिळाले. पूर्ण भाग उपलब्ध होते, फक्त ते काढायची तसदी आधी घेतली गेली नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

तिसरी तक्रार मध्येच थांबण्याची. ‘मर्फी ब्राउन’ मुळात दहा पर्वे चालली, डीव्हीडीवर २००५ साली पहिले आले आणि मग काहीच आले नाही. पहिले पर्व खपले नाही म्हणून दुसरे नाही, आणि दुसरे येईल याची खात्री नाही म्हणून पहिले घ्यायला लोक कचरतात. प्रेक्षकांना या चक्रात आपणच अडकवले आहे. मालिका पूर्ण देण्याचा शब्द आधी दिला, तर पहिल्या पर्वाची विक्री निराळी होईल.

कलाकारांचा आणि लेखकांचा मोबदला द्यावा लागतो म्हणून खर्च वाढतो, असेही आपल्या बाजूने ऐकायला मिळते. अमेरिकेतल्या पटकथालेखकांपुरते बोलायचे तर हे आकड्यांत पाहावे. १९८५ च्या सुमारास कॅसेट तयार करणे महाग होते, म्हणून वितरकाच्या मिळकतीतला ८० टक्के भाग उत्पादनखर्च म्हणून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या २० टक्क्यांवर दीड टक्का लेखकांना द्यायचा, असे सूत्र ठरले. म्हणजे प्रत्येक १०० डॉलरमागे ३० सेंट. पुढे कॅसेट जाऊन डिस्क आली, ती तयार करण्याचा खर्च कितीतरी उतरला, पण सूत्र तेच राहिले. २००७-०८ च्या संपात हा वाटा दुप्पट करण्याची मागणी होती, तीही लेखकांना सोडून द्यावी लागली. तेव्हा मालिका कपाटात का पडून आहे याचे उत्तर देताना लेखकांकडे बोट दाखवू नये, ही नम्र विनंती.

हक्कांच्या वाटण्यांविषयी थोडक्यात लिहिते. १९६६ साली सुरू झालेल्या ‘बॅटमॅन’चे १२० भाग २०१४ च्या नोव्हेंबरपर्यंत अधिकृतपणे कोणालाही विकत घेता येत नव्हते, कारण मालिका एका स्टुडिओची आणि पात्रे दुसऱ्याची होती. जवळजवळ अर्धे शतक! ज्या मुलांनी ती पहिल्यांदा पाहिली त्यांचे केस तोवर पिकले होते. आणि शेवटी मार्ग निघाला तो दोन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या म्हणूनच. नवे तंत्रज्ञान त्यासाठी लागले नाही.

चौथी तक्रार अशा कार्यक्रमांची, ज्यांचे मोल विक्रीत मोजता येत नाही. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यावरची ‘आइज ऑन द प्राइझ’ ही १४ भागांची माहितीपट-मालिका १९८७ आणि १९९० मध्ये प्रसारित झाली. तिच्यात असंख्य जुनी चित्रणे, छायाचित्रे आणि गाणी होती आणि त्यांचे परवाने मुदतीचे होते. मुदत संपताच ती प्रसारणातूनही गेली आणि विक्रीतूनही गेली. ग्रंथालयांमधल्या झिजत चाललेल्या कॅसेटी तेवढ्या उरल्या. परवान्यांच्या नूतनीकरणासाठी फोर्ड फाउंडेशनने ६ लाख डॉलर आणि रिचर्ड गिल्डर यांनी अडीच लाख डॉलर दिले, तेव्हा कुठे ती २००६ साली पुन्हा लोकांसमोर आली. ज्या माणसांनी प्राण पणाला लावले त्यांचा दृश्य इतिहास मधली इतकी वर्षे कागदपत्रांपायी बंद राहिला, याची खंत आपल्यापैकी कोणाला वाटली असेल तर तिचा परिणाम पुढच्या करारांत दिसायला हवा होता.

आता डिस्क कोण घेतो, सगळे ऑनलाइन पाहतात, असे मला सांगितले जाईल. डिस्कचा बाजार आक्रसला आहे हे खरे आहे. परंतु ऑनलाइन दाखवायलाही हेच परवाने लागतात. ‘मूनलायटिंग’ १९८९ साली संपली आणि ऑनलाइन आली २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, गाण्यांचे हक्क नव्याने मिळवल्यावर. शिवाय ऑनलाइन करार संपला की मालिका एका रात्रीत दिसेनाशी होते आणि पैसे भरणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. डिस्क माझ्या घरात राहते. ताईच्या कॅसेटी एवढी वर्षे राहिल्या, त्या केवळ वस्तू म्हणून घरात होत्या म्हणूनच.

प्रेक्षकांनी घरात ठेवलेल्या वस्तूंचे मोल आपल्या व्यवसायाला चांगलेच ठाऊक असायला हवे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या, आणि ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग त्यात गेले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी बसून तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. त्याच आवाजांवर पुढे चित्रे रेखाटून ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’सारखी कथा २०१६ साली पुन्हा उभी करता आली आणि विकताही आली. २०१३ साली नऊ भाग सापडले ते नायजेरियातल्या एका प्रसारण केंद्रात. म्हणून, विकत घेणारा आकडा एवढीच आमची ओळख आपण ठरवू नये. आम्ही या मालिका सांभाळल्या आहेत.

हे सगळे साधता येते याचीही उदाहरणे आपल्याच क्षेत्रात आहेत. ‘फ्रीक्स अँड गीक्स’चे १८ भाग २००४ साली मूळ संगीतासह आले. ‘द वंडर इयर्स’च्या सहा पर्वांत जवळपास ३०० गाणी आहेत, २०१४ साली संपूर्ण संच आला तेव्हा त्यांतली बहुतेक परत मिळाली होती, जो कॉकरचे शीर्षकगीतसुद्धा. त्याच वर्षी ‘डब्ल्यूकेआरपी’चाही संपूर्ण संच आला, आणि २००७ मध्ये गेलेली बरीच गाणी त्यात होती. यांतले काही संच मोठ्या स्टुडिओंनी काढले नाहीत. स्टुडिओंकडून परवाना घेऊन लहान प्रकाशकांनी काढले, एकेका हक्कधारकाला गाठून, किंमत थोडी जास्त ठेवून. लोकांनी ती दिली. मीही दिली.

म्हणून माझ्या मागण्या मांडते. संगीतकारांचा, गायकांचा किंवा कोणाचाही मोबदला बुडवा अशी त्यांतली एकही नाही.

संचाच्या दर्शनी भागावर, वाचता येईल अशा अक्षरात, कोणते संगीत बदलले आहे आणि कोणते भाग कापलेले आहेत ते लिहावे. ‘असू शकते’ हा शब्दप्रयोग बंद करावा, कारण काय बदलले आहे हे आपल्याला नेमके माहीत असते. भागवार यादी आत द्यावी. याला कागदाच्या एका पानापलीकडे खर्च नाही आणि ही मागणी पुढे ढकलण्याचे कोणतेच कारण मला दिसत नाही.

प्रकाशन थांबवायचे असेल तर कारण सांगावे. टेप खराब आहे, की हक्क कोणाकडे आहेत हे कळत नाही, की अमुक इतक्या गाण्यांचे परवाने मिळाले नाहीत, हे जाहीर करावे. कराराच्या रकमा गुप्त ठेवाव्या लागतात हे मला मान्य आहे. अडलेल्या गाण्यांची संख्या गुप्त ठेवावी लागत नाही. हे कळले तर किमान प्रेक्षकांना कोणाचे दार ठोठवायचे ते समजेल.

संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांना माझे वेगळे मागणे आहे. वीस वर्षांहून जुन्या मालिकांसाठी, मर्यादित प्रतींच्या संचांसाठी, आपण सर्वांनी मिळून एक ठरावीक दर जाहीर करावा, आणि तो एकरकमी न घेता विकल्या गेलेल्या प्रतींच्या प्रमाणात घ्यावा. आज त्या गाण्यांसाठी आपण जी रक्कम मागता ती कोणी देत नाही, गाणे काढले जाते आणि आपल्याला मिळते शून्य. त्या गाण्याच्या निर्मात्यांनाही शून्यच मिळते. ठरावीक दर कितीही माफक असला तरी तो शून्यापेक्षा जास्त असेल, आणि एखाद्या तरुण प्रेक्षकाला ते गाणे पहिल्यांदा ऐकायला मिळेल ते वेगळेच.

जी मालिका आपण स्वतः काढणार नाही ती लहान प्रकाशकांना रास्त अटींवर द्यावी. तेही शक्य नसेल तर मागणीनुसार एकेक प्रत तयार करून विकावी. वॉर्नरने २००९ साली अशी सोय सुरू केली होती, तेव्हा न खपलेल्या प्रतींचा साठा आणि परत आलेला माल यांचा धोका टाळण्याचा मार्ग आपल्याला माहीत आहे. चित्र झगमगीत करून देण्याचीही गरज नाही. प्रसारित झाले तसे, पूर्ण, मूळ आवाजासह दिलेत तरी पुरे आहे. नव्या दृश्यपरिणामांसाठी मालिका आणखी दहा वर्षे अडवून ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आणि शेवटची मागणी, जिला विक्रीशी जोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. हक्कांचे काय होईल ते होवो, टेप आत्ता उतरवून घ्याव्यात. परवाना उशिरा मिळाला तर मालिका उशिरा प्रकाशित होईल. पण टेपवरचा लेप एकदा सुटला की परवाना मिळूनही काही उपयोग नाही. ज्या टेपांवर आपले नाव आहे त्या जपण्याचे काम आपले आहे, आणि त्यांतून पैसे मिळतील की नाही यावर ते अवलंबून असता कामा नये.

माझ्या मालिकेच्या वितरकाला मी या पत्राची प्रत पाठवत आहे आणि चौथ्यांदा विचारत आहे. तिसऱ्या पर्वात २२ भाग आहेत. त्यांतल्या किती गाण्यांचे परवाने मिळालेले नाहीत, एवढा एक आकडा मला कळवावा. ती गाणी कोणती हेही सांगता आले तर फार उपकार होतील, कारण त्यांतली बरीचशी ताईने कॅसेटच्या चिठ्ठ्यांवर, भागाच्या क्रमांकापुढे, कंसात लिहून ठेवलेली आहेत, आणि ती यादी मी आपल्याला पाठवू शकते.

आपली,
एक प्रेक्षक